कॉपी करून शिकताना



शाळेत कॉपी केली की शिक्षा व्हायची. आता चाळिशी ओलांडल्यावर मी तैलरंगातलं व्यक्तिचित्रण शिकतेय, तेही चक्क कॉपी करून! समोर ठेवलंय डच चित्रकार व्हर्मीरचं, साधारण १६६५ सालचं, मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीचं चित्र. मूळ चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. उंची जेमतेम ४४.५ सेंटिमीटर.

नाक म्हटलं की हात आपोआप रेघ मारायला जातो. पण व्हर्मीरने नाक आणि पलीकडचा गाल यांच्यात रेघच ठेवलेली नाही. मोती म्हणजे वर एक पांढरा ठिपका आणि खाली कॉलरचं पुसट प्रतिबिंब. कानात अडकवायची कडीही नाही! बाकीचा मोती आपलेच डोळे पूर्ण करतात.

तैलरंगाला घाई चालत नाही. एकेक थर वाळायला दिवस जातात. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त लागतं, नाहीतर पुढे भेगा पडतात. तोवर करायचं काय? बघायचं. माहीत असलेलं नव्हे, समोर असलेलं.

आज तुमच्याकडेही मी तसंच बघतेय. दहावीच्या फोटोतले चेहरे बाजूला ठेवून, आत्ता समोर आहेत ते. आणि खरं सांगते, हे जास्त सुंदर आहेत.