वहीतला हिशेब



संयोजक म्हणाले, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, स्टार्टअपवर बोल, नववी-दहावीच्या मुलांना जरा हिंमत दे. देईन. पण आधी या कंपन्या काढणारी माणसं कुठून आली ते सांगते, कारण ते सहसा कुणी सांगत नाही.

बिल गेट्सने कॉलेज सोडलं, एवढं आपल्याला पाठ असतं. तो सिएटलच्या लेकसाइड या खाजगी शाळेत शिकला. वडील वकील. १९६८ मध्ये त्या शाळेतल्या आयांच्या मंडळाने जुन्या वस्तू विकून पैसे जमवले आणि त्यातून शाळेत एक टेलिटाइप यंत्र आलं, टेलिफोनच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडलेलं. गेट्स तेव्हा आठवीत. दोन वर्षं पुढे असलेला पॉल ॲलन त्याच शाळेतला, त्याच यंत्रावर बसणारा. पुढे १९७५ मध्ये दोघांनी मायक्रोसॉफ्ट काढली. सोडलेलं कॉलेज हार्वर्ड होतं, हेही लक्षात ठेवा. मुलगा हुशार होताच, ते मी नाकारत नाही. जेफ बेझोसच्या ॲमेझॉनमध्ये १९९५ साली त्याच्या आईवडिलांनी जवळपास अडीच लाख डॉलर घातले होते.

आपल्याकडचं बघा. फ्लिपकार्टचे सचिन आणि बिन्नी बन्सल दोघेही आयआयटी दिल्लीचे, दोघेही आधी ॲमेझॉनमध्ये नोकरीला. २००७ मध्ये कंपनी काढली. २०१४ मध्ये या दोघांनी एथर एनर्जीत सुरुवातीचे पैसे लावले. ती काढणारे तरुण मेहता आणि स्वप्नील जैन आयआयटी मद्रासचे.

पहिले पैसे देणारा माणूस पुष्कळदा असाच असतो, त्याच धंद्यातून वर आलेला. १९७७ मध्ये ॲपलच्या पाठीशी अडीच लाख डॉलर उभे करणारा माइक मार्कुला आधी इंटेलमध्ये होता. त्या टप्प्यावर विक्री नसते, ताळेबंद नसतो. माणूस बघूनच पैसे द्यायचे असतात. मग जो आपल्यासारखा बोलतो, ज्याला ओळखीच्या कुणी पाठवलंय, त्याच्यावर भरवसा पटकन बसतो. यात लबाडी नाही. पण आपल्या तालुक्यातून तिथवर ओळख पोचत नाही, एवढं खरं.

आता माझं. २००४ मध्ये पुण्यात शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, चल, दोघं मिळून कंपनी काढू. कल्पना निम्मी माझीच होती. रात्री वहीत हिशेब मांडला. बाबांनी माझ्या इंजिनिअरिंगसाठी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाचा हप्ता, धाकट्या भावाची फी, खोलीचं भाडं. पगाराशिवाय मी दीड महिना टिकले असते. त्याचं कोथरूडला वडिलांचं घर होतं. तो गेला, मी राहिले. अडीच वर्षांत त्याची कंपनी बंद पडली आणि तो दुसरीकडे माझ्यापेक्षा मोठ्या पगारावर लागला! माझा त्याच्यावर राग नाही, आम्ही अजून बोलतो. पण मराठी माणूस धोका पत्करत नाही असं कुणी म्हटलं, की मला ती वही आठवते.

म्हणून मुलांनो, कंपनी जरूर काढा, पण आधी तुमच्या वहीत हिशेब मांडा, आणि आकडा जुळला नाही तर स्वतःला भित्रं समजू नका.

आणि आता आपण मोठी माणसं. काल शाळेत चक्कर मारली. संगणक कक्षात बारा चांगले संगणक आहेत आणि साडेपाचला कुलूप लागतं, कारण नंतर थांबायला माणूस नाही. आपण प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी वर्गणी काढतोय. कमानीवर आपल्या बॅचचं नाव येणार, ते मलाही आवडेल. पण आधी त्यातून संध्याकाळी थांबणाऱ्या माणसाचा दोन वर्षांचा पगार बाजूला काढू. शेवटची एसटी पावणेआठची आहे, म्हणजे साडेसातपर्यंत कक्ष उघडा ठेवता येईल. माझा वाटा मी त्यासाठीच देते आहे. ज्यांना पटतंय त्यांनी जेवायला जाण्याआधी पाच मिनिटं इथेच थांबा.