रक्तदाब एकाएकी चढतो तेव्हा
(माण येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर रक्तदाबाचे काय काम, असे आपणांस वाटेल. पण घरचा कर्ता पक्षाघाताने अंथरुणाला खिळला, की थोरला मुलगा कॉलेज सोडून कामाला लागतो आणि मुलीचे तर नावच निघत नाही. म्हणून हा विषय.

आपल्या माणच्या शिवारात आयटी पार्क उभा राहिला. कुणी तेथे रात्रपाळीचा पहारा करतो, कुणी गाडी चालवतो. जेवणाला वेळ नाही, झोपेला नाही. रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. मग "आता बरे वाटते" म्हणून गोळी बंद होते. संकट ओढवण्याचे हे एक मोठे कारण आहे. रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटून सहेरी-इफ्तारप्रमाणे गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. मनाने गोळी सोडू नये.

आकडा १८०/१२० च्या वर गेला, पण त्रास काही नाही, तर रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मात्र छातीत दुखते, धाप लागते, डोके असह्य ठणकते, नजर अंधुक होते, झटके येतात, बोलणे अडखळते, तोंड वाकडे होते किंवा हात लुळा पडतो, यांपैकी काहीही दिसले तर यंत्र शोधत बसू नका. थेट रुग्णालय. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला तर १६०/११० हा आकडाच पुरे. त्रासाची वाट पाहू नये.

पूर्वी अशा वेळी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देत. १९९६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी ही पद्धत थांबवावी असे बजावले. जास्त दाबाला सरावलेल्या मेंदूला, दाब एकदम कोसळला तर रक्त पुरत नाही, आणि जो झटका टाळायचा तोच येतो. रुग्णालयातही शिरेतून औषध देऊन, बहुतेक रुग्णांत, पहिल्या तासात चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक दाब उतरवत नाहीत. शेजाऱ्याची गोळी देणे हाही तसाच घातक प्रकार.

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. एवढ्या सत्ताधीशापाशीही गुणकारी गोळी नव्हती. पुढे चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष वेधले. आज त्याहून चांगल्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, आणि आपण त्या फडताळात ठेवून विसरतो!

आता प्रत्यक्ष प्रसंगाचे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत येते. संध्याकाळी हिंजवडीची कोंडी आपणांस ठाऊकच आहे, तेव्हा "थोडे थांबून पाहू" म्हणू नका. रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. तोंड वाकडे झाले असेल तर पाणीही पाजू नका; ठसका लागून ते फुप्फुसात जाते. सीटी स्कॅन असलेलेच रुग्णालय गाठा. चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहा. मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. झोपेतून उठतानाच त्रास दिसला, तर रात्री शेवटचे धड कधी बोलले ती वेळ सांगा.