सव्वीस क्रूस



ज्युबिलीच्या या मंगल दिवशीं आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया याचें स्मरण करूं या.

तरुणपणीं तो येशूसंघीयांबरोबर जपानांत गेला व तेथील भाषा शिकला. परंतु त्या संघांत प्रवेश मिळण्याची त्याची आशा सफल झाली नाहीं. पुढें तो व्यापारी झाला, त्यांत यशही आलें; तरी अंतःकरणांतील हांक मावळली नाहीं. मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु झाला, आणि १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी म्हणून जपानांत परतला.

फादरांपाशीं गुरुदीक्षा होती, जपानी वाणी नव्हती; गोन्सालोपाशीं वाणी होती, गुरुदीक्षा नव्हती. एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढलें. जीं वर्षें व्यर्थ गेलीं असें वाटावें, त्यांतच मिळविलेली भाषा देवाच्या कामीं आली.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. त्यांवर सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक भाविक होते; बारा वर्षांचा लुईस इबाराकीही त्यांत होता. ज्या संघाचें दार गोन्सालोस उघडलें नव्हतें, त्याच संघाचे तिघे त्याच्या रांगेंत होते. १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्या सर्वांस एकत्रच संतपद दिलें.

बंधुभगिनींनो, आपल्यांतही कोणाचें शेत गेलें, कोणाची आशा बंद दारापाशीं थांबली. तें दुःख खरें आहे. परंतु त्यांत शिकलेलें शेजाऱ्याच्या उण्यास जोडलें, तर तें वायां जात नाहीं. ही कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.