समुद्रतारेंतील दोषाचा शोध

संदेश पोंचेनासा झाला म्हणजे तारेंत कांहीं दोष आहे हें कोणासहि समजतें. पण शेंकडों मैल पाण्याखालीं गेलेल्या तारेंत तो नेमका कोठें आहे, हें टोकाशीं बसून सांगणें ही स्वतंत्र विद्या आहे. तिची कसोटी १८६५ सालीं लागली.

त्या वर्षीं जुलै महिन्यांत ‘ग्रेट ईस्टर्न’ हें अजस्र जहाज आयर्लंडहून न्यूफाउंडलंडकडे अटलांटिकच्या तळाशीं तार सोडीत निघालें. २४ तारखेस, सुमारें ८४ मैल तार सोडून झाल्यावर, विद्युन्मापकावरील प्रकाशाचा ठिपका एकाएकीं सरकला. तांब्याच्या तारेवरील गटापर्चाचें वेष्टण कोठें तरी फुटून विद्युत्प्रवाह समुद्रांत जात होता. अशा तारेचा दर मैलाचा रोध ठाऊक असतो. दोषापर्यंतचा एकंदर रोध मोजला, कीं अंतर हिशेबानें निघतें. मात्र फुटलेल्या जागेचा स्वतःचा रोधहि त्या मापांत मिसळतो. म्हणून दोन्ही टोकांकडून मापें घेऊन ताळा पाहावा लागतो. तार सुमारें १० मैल मागें ओढल्यावर दोषस्थान सांपडलें. २ इंच लांबीचा तारेचा तुकडा वेष्टणांतून आरपार गेला होता.

२९ तारखेस पुन्हा तेंच घडलें. दोन्ही वेळां तार ठेवलेल्या टांकींत मजुरांची एकच टोळी कामावर होती. घातपाताचा संशय बळावला आणि जहाजावरील प्रतिष्ठित गृहस्थ टांकींत पाळीपाळीनें पहारा करूं लागले. २ ऑगस्ट रोजीं, खुद्द या योजनेचे प्रवर्तक सायरस फील्ड पहाऱ्यावर असतांना, तिसरा दोष उद्भवला! तेव्हां उलगडा झाला. वरच्या संरक्षक लोखंडी तारा ठिसूळ होत्या. त्यांचे तुटके तुकडे वेटोळ्यांच्या भारानें आंत रुतत होते. मजूर निर्दोष होते. त्याच दिवशीं मागें ओढतांना तार तुटून तळाशीं गेली. ती १८६६ सालीं वर काढून पुरी करण्यांत आली. पुढें १८७० सालीं मुंबई व एडन यांस जोडणारी तारहि याच जहाजानें टाकली.

आज काचतंतूंतून प्रकाशाचा क्षणिक झोत सोडतात आणि तो परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. काचेंत प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. तेव्हां सेकंदाच्या हजाराव्या भागांत परतलेला प्रकाश सुमारें १०० किलोमीटरवरील दोष दाखवितो. साधनें बदललीं, तरी क्रम तोच आहे: आधीं स्थान, मग कारण, आणि अपराध कोणाचा हा प्रश्न सर्वांत शेवटीं.