निवळलेलं पाणी, निर्धोक पाणी



परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने नागपुरात आपलं मनःपूर्वक स्वागत. आज ‘नीरी’ म्हणून ओळखली जाणारी संस्था १९५८ साली याच शहरात सुरू झाली. पाण्याची चर्चा इथे व्हावी, याचा आम्हाला अभिमान आहे.

गढूळ पाणी आलं की निवळीची बी घागरीच्या आतल्या अंगाला उगाळायची, हा आपल्याकडचा जुना उपाय. थोड्या वेळात गाळ तळाशी बसतो. सुदानमधल्या बायका शेवग्याच्या बियांनी नाईलचं पाणी असंच निवळत आल्या. बियांतली धनभारित प्रथिनं मातीच्या ऋणभारित कणांना एकत्र आणतात. पण शिसं आणि कॅडमियम डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी उकळूनही ते जात नाहीत. उलट पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. आपल्या मानकानुसार लिटरभर पिण्याच्या पाण्यात शिसं ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको.

इथे आमची संत्र्याची साल कामाला येते. तिच्या पेक्टिनमधले कार्बॉक्सिल गट शिशाचे आयन धरून ठेवतात. पाणी फार आम्ल असलं तर मात्र हायड्रोजनचे आयन त्या जागा आधीच अडवतात. आर्सेनिकची तऱ्हा निराळी. ते पाण्यात ऋणभारित किंवा भाररहित रूपात असतं, त्यामुळे नुसत्या सालीला सहसा दाद देत नाही. सालीवर लोहाचा लेप चढवावा लागतो.

शुद्ध पाण्यात एकच धातू विरघळवून केलेल्या प्रयोगाचे आकडे देखणे येतात. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सगळे त्याच जागांवर हक्क सांगतात. आणि शिसं शोषलेली साल उकिरड्यावर गेली, तर ते शिसं पावसाबरोबर पुन्हा जमिनीत उतरू शकतं. म्हणून निबंध वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: खऱ्या विहिरीच्या पाण्यावर काय घडलं आणि वापरलेल्या सालीची विल्हेवाट कशी लावली, हे अवश्य सांगा. शेवग्याच्या बियांची भुकटी पाण्यात सेंद्रिय द्रव्यही सोडते, त्यामुळे ते पाणी साठवून ठेवलं तर खराब होतं. घरात पाणी भरणाऱ्या बाईला हे आधी कळायला हवं.

व्हरांड्यात संत्र्याची साल, भाताचं तूस आणि करवंटीचा कोळसा मांडून ठेवला आहे; हाताळून पाहा. राहण्या-जेवण्यात काही उणं पडलं तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आता उद्घाटकांना विनंती करतो, त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.