काळ्या घंटेचा वास

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या वर्षी ऋषिपंचमीला आमच्या क्वार्टर्समध्ये कुजका वास सुटला. घरात बाप्पा बसलेले. आई म्हणाली, “उंदीर मेलाय कुठेतरी. आधी तो शोध, मग आरती.” कपाट सरकवलं, माळा उपसला. उंदीर काही सापडेना. शेवटी कळलं, गॅलरीतल्या कुंडीत स्टॅपेलियाचं पहिलं फूल उमललं होतं!

स्टॅपेलिया लेंडर्ट्झिए हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागातलं. १९१० साली त्याला हे नाव मिळालं, ते प्रिटोरियाच्या संग्रहालयातल्या वनस्पतिशास्त्रज्ञ रेनो लेंडर्ट्झ या बाईंवरून. (असल्या वासाच्या फुलाला आपलं नाव, हा मान म्हणायचा की काय!) चौकोनी, मांसल खोडं पाहून लोक निवडुंग समजतात, तो हा नव्हे. फूल देवघरातल्या घंटेसारखं, काळपट जांभळं, आतून सुरकुतलेलं.

वास आहे तो माश्यांसाठी. सडकं मांस समजून माशी आत शिरते आणि परागांची पुडी तिला चिकटते. सुटे कण नव्हेत, बांधलेली पुडी. ती दुसऱ्या फुलाच्या फटीत अडकली की झाडाचं काम झालं. माशीला काहीच मिळत नाही. कित्येकदा ती अंडीही तिथेच घालते.

आई म्हणाली, कुंडी टाकून दे. सणाच्या घरात तिचंही चुकत नव्हतं. मी पत्रीतलं रुईचं पान पुढे केलं. रुई याच कुळातली. परागांची पुडी तशीच, शेंगांतून उडणाऱ्या म्हाताऱ्याही तशाच. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी तर आणखी जवळची. ती जगात फक्त महाराष्ट्रात उगवते, आणि तिथेही मोजक्याच जागी उरली आहे. तिलाही माश्याच लागतात.

कुंडी गच्चीवर गेली. दुसऱ्या दिवशी आई स्वतःच वर आली. फुलात पांढरी अंडी दिसत होती.

“अळ्या निघाल्या की खाणार काय रे?”

“काही नाही. मांस कुठंय तिथे?”

“म्हणजे पोरं उपाशीच मरणार.” ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

यंदा चार कळ्या आल्यात. आईने बजावलंय, “उमललं की माश्या हाकल.” मी म्हणतो, “अगं, मग पुडी कोण नेणार?” आमचा निकाल अजून लागलेला नाही.