बर्फावरचा पहिला धडा
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



अशा प्रसंगी माजी विद्यार्थ्याने आपल्या यशाविषयी बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र आज माझ्या पडण्याविषयी बोलणार आहे.

गेली २२ वर्षे माझे वास्तव्य चेन्नईजवळच्या तांबरम येथे आहे. तेथे थंडी म्हणजे मार्गळी महिन्यातील पहाटेचा किंचित गारवा. अशा गावातून मी, पत्नी आणि चौदा वर्षांची कन्या असे तिघे मागील वर्षी जानेवारीत गुलमर्गला गेलो. श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंच आहे. आम्ही तिघांनीही बर्फ प्रथमच पाहिला आणि कन्येच्या हट्टापुढे मान तुकवून वयाच्या ४९ व्या वर्षी मी पायांत स्की चढवल्या.

आमच्या काश्मिरी प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी घसरायला शिकवलेच नाही. आधी पडावे कसे, मग उठावे कसे आणि त्यानंतर थांबावे कसे, असा त्यांचा क्रम होता. तोल गेला तर चढाच्या बाजूला, कुशीवर पडायचे. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवायच्या. थांबण्यासाठी स्कीची टोके जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या. ऐकायला किती सोपे! परंतु उतार दिसताच भीतीने माझे शरीर मागे झुकत असे. मागे झुकले की स्कीच्या टोकांवरचा भार जातो, त्या वळत नाहीत, थांबत नाहीत आणि माणसाला घेऊन धावत सुटतात. सावरायचे असेल तर नडगी बुटाला टेकवून, ज्या उताराची भीती वाटते त्याच दिशेने पुढे झुकावे लागते. हे मला बुद्धीने दहा मिनिटांत कळले. पायांना कळायला तीन दिवस लागले.

त्या तीन दिवसांत मी किती वेळा पडलो, याची गणती नाही. प्रत्येक वेळी प्रशिक्षक दोनच शब्द बोलत, "फिर से." दुसऱ्या दिवशी मी पडलो तेव्हा आधीच तरबेज झालेली माझी कन्या शेजारी येऊन थांबली. हात पुढे करून म्हणाली, "बाबा, सावकाश. मी आहे इथे." तो हात धरताना मी मनातून खजील झालो. त्याचे कारण सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

माझी मुलगी तांबरमला इंग्रजी माध्यमात शिकते. तिला मराठी वाचता यावे म्हणून मी तिला रोज रात्री जवळ बसवत असे. ती "माझा पुस्तक" म्हणाली की मी तिथेच अडवत असे. 'घर'चे 'गर' झाले की कपाळाला आठ्या घालत असे. एक वाक्य पुरे होईपर्यंत तीन दुरुस्त्या होत. हळूहळू तिने पुस्तक हाती घेणेच सोडले आणि मी तिला आळशी ठरवून मोकळा झालो.

वास्तविक मी स्वतः तांबरमला आलो तेव्हा भाजीवाल्या अम्मांनी "वांग सार" म्हणून केलेले स्वागत ऐकून टोपलीत वांगी शोधली होती! वडीलधाऱ्यांना "वांग"ऐवजी "वा" म्हणण्याचा उद्धटपणाही अजाणता कित्येकदा केला. त्या हसत आणि पुन्हा म्हणून दाखवत. त्यांच्या त्या सहनशीलतेवर मी तमिळ शिकलो. त्याहीआधी, याच शाळेत पाचवीच्या वर्गात बाई आमच्याकडून पाठ मोठ्याने वाचून घेत. कोणी अडखळले तर त्या वर्गाला हसू देत नसत. वाक्य संपेपर्यंत थांबत आणि म्हणत, "आता पुन्हा वाच बरं." गुलमर्गच्या उतारावर ऐकलेले "फिर से" मला ओळखीचे वाटले ते यामुळेच.

गुलमर्गजवळच्या तंगमर्ग परिसरातील आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू होते. जायंट स्लॅलममध्ये ते ४५ वे आले; स्लॅलमची शर्यत त्यांना पूर्णही करता आली नाही. चौथ्या वर्षापासून बर्फावर असलेल्या माणसाची ही कथा, तर आपल्या मुलांच्या चुकांचा आपण एवढा बाऊ का करावा?

पालकहो, आपल्याला जे उत्तम येते तेच आपण मुलांना शिकवतो, म्हणून आपला धीर लवकर सुटतो. वर्षातून एकदा तरी मुलांच्या देखत काही नवे शिकायला घ्यावे. त्यासाठी गुलमर्गलाच जायला हवे असे नाही. पोहणे, पेटी, शेजाऱ्याची भाषा, काहीही चालेल. आपण पडतो आणि उठतो, हे त्यांना दिसू द्यावे.

तांबरमला परतल्यावर मी कन्येला पुन्हा वाचायला बसवले. पहिल्याच ओळीत ती अडखळली आणि सवयीने माझ्याकडे पाहू लागली. मी काही बोललो नाही. तिने पान संपवले, पुस्तक मिटले आणि विचारले, "बाबा, किती चुका झाल्या?" मी म्हणालो, "मोजल्या नाहीत."

तसे न मोजता आम्हाला वाचू देणाऱ्या या शाळेला आणि माझ्या गुरुजनांना वंदन करून मी आपली रजा घेतो.